सावरगाव परिसरातील प्रेक्षणीय स्थळे : जमा आणि खर्च

पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. प्रदेश मध्य प्रदेशाचा, पण घराघरांत मराठी. 1956 पर्यंत त्या राज्याची राजधानी नागपूरच होती. आपल्या भागात पाट्या कानडी, तेथे हिंदी, एवढाच काय तो फरक!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून गोटे सुटतात. हीच गोटमार. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन पळताना नदीत अडकला, अशी आख्यायिका आहे. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. माणसे दगावलीही आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, तरी लोकांनी गोटेच उचलले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला येथे खतावणी आठवते. चहा-भज्यांची विक्री जमेला धरली, तर फुटलेली डोकी व बुडालेली मजुरी खर्चाच्या बाजूस नको का?

सौंसर तालुक्यात जामसावळीला पिंपळाखाली पहुडलेला मारुती आहे. तेथे भाविकांची रीघ वर्षभर असते, म्हणून दुकानदाराचा धंदाही वर्षभर चालतो. 2023 साली या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला.

आणि संत्र्यांच्या बागा? त्यांना कोणी प्रेक्षणीय म्हणतच नाही. माझ्या मते आंबिया बहाराच्या तोडीत पाहुण्यांना बागेत हिंडवावे व फळ तेथेच विकावे. तेवढ्या मालाची अडत आणि हमाली तरी शेतकऱ्याच्या खिशात राहील.