पडद्याची परिभाषा

संगणकाच्या पडद्यावरील चित्र अखंड भासते. वस्तुतः ते लक्षावधी सूक्ष्म ठिपक्यांचे असते. अशा एका ठिपक्यास ‘पिक्सेल’ म्हणतात. ‘चित्र’ आणि ‘घटक’ या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांच्या संयोगातून ही संज्ञा घडली.

‘फुल एचडी’ पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० पिक्सेल असतात. या मापास ‘रिझोल्यूशन’ म्हणतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग असतात. प्रत्येक भागाच्या तेजाच्या २५६ पायऱ्या धरल्यास १,६७,७७,२१६ रंगछटा संभवतात. ‘६० हर्ट्झ’ म्हणजे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने उमटते.

पडद्याचा आकार इंचांत सांगतात. तो कर्णाची लांबी होय. साडेएकवीस व त्रेचाळीस इंची, दोन्ही पडदे फुल एचडी असतील, तर पिक्सेल तितकेच राहतात. मोठ्यावर प्रत्येकाचे क्षेत्रफळ मात्र चौपट होते. म्हणून जवळून पाहता मोठ्या पडद्यावरील अक्षरे भरड दिसतात.

ज्याला या संज्ञा उमगत नाहीत, त्याला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागते. संगणक कक्षातील पडद्याचे रिझोल्यूशन ‘सेटिंग्ज’मध्ये पाहा, गुणाकार करा आणि जाहिरातीतील आकड्यांचा ताळा स्वतः घ्या.