वापरात नसलेला संगणकीय मजकूर : काढण्यापूर्वीची दक्षता

दि. २ व ३ डिसेंबर १९८४ दरम्यानच्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू पसरला व हजारो माणसे प्राणास मुकली. त्या रात्री या रसायनाची टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा बंद होती. निसटणारा वायू जाळणारा मनोराही, नळाचा एक भाग काढलेला असल्यामुळे, निकामी होता. रोजच्या कामात ज्याची उणीव भासत नाही, ते निरुपयोगीच असते असे नव्हे, हा या दुर्घटनेचा एक धडा होय.

संगणकाच्या कामातही तो लागू पडतो. सातबारा, शिधापत्रिका, वेतनदेयके ही कामे आता संगणकीय आज्ञावलींद्वारे होतात. नियम बदलला की आज्ञावलीत नव्या सूचनांची भर पडते. जुन्या मात्र तशाच राहतात. या जुन्या सूचना, म्हणजे निरुपयोगी कोड, तशाच ठेवणेही धोक्याचे असते. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या रोखे-व्यवहार संस्थेत दि. १ ऑगस्ट २०१२ रोजी आठपैकी एका संगणकावर नवी आज्ञावली चढवावयाची राहून गेली. त्यावरील, अनेक वर्षे वापरात नसलेला जुना कोड अकस्मात कार्यान्वित झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत संस्थेचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले.

म्हणून असा कोड काढावा, परंतु क्रमाने. प्रथम तो कोणत्या हेतूने लिहिला गेला, याची नोंद पाहावी. आज्ञावलीचा दुसरा कोणता भाग त्याला हाक देतो काय, याचा शोध घ्यावा. त्यानंतर तो प्रत्यक्षात चालतो किंवा कसे, याची नोंद किमान एक पूर्ण वर्ष ठेवावी. कारण मार्चअखेरचा हिशेब वर्षातून एकदाच होतो. एका वेळी थोडाच भाग काढावा, प्रत्येक वेळी चाचणी घ्यावी आणि पूर्वीची प्रत सुरक्षित ठेवावी, म्हणजे चूक आढळताच ती पूर्ववत करता येते.

यातील काही माहिती केवळ तज्ज्ञांजवळ नसते. टंचाई, अतिवृष्टी किंवा वर्षअखेर अशा प्रसंगीच लागणारी कामे तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांना ठाऊक असतात. त्यांनी ती वेळीच लेखी कळविल्यास, जे खरोखर निरुपयोगी तेवढेच निघेल व जे क्वचित लागते ते शाबूत राहील.