औषधसाहाय्यित इको परीक्षा आणि गूढलिंग हृद्रोग

विश्रांत अवस्थेतील ई.सी.जी. व टू-डी इको निर्दोष आले म्हणजे हृदय निर्दोष, असा समज रुग्णांत व क्वचित चिकित्सकांतही आढळतो. बारामती व इंदापूर तालुक्यांत आमच्याकडे येणाऱ्या प्रौढ मधुमेही रुग्णांची तक्रार पुष्कळदा उरःशूलाची नसून अल्प श्रमाने लागणारी धाप किंवा अकारण थकवा, एवढीच असते. त्यांतील अनेकांना संधिवातामुळे ट्रेडमिलवर चालवत नाही. अशा रुग्णांसाठी डोब्युटामाइन स्ट्रेस इको या परीक्षेचा विचार व्हावा.

गूढलिंग व्याधीची परीक्षा उपशय-अनुपशयाने करावी, असे चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितले आहे. द्रव्य देऊन शरीराचा प्रतिसाद पाहणे हे तत्त्व आपणांस अपरिचित नाही. मात्र येथे औषध चिकित्सेसाठी नसून हृदयावर मोजका ताण आणण्यासाठी असते, हा भेद ध्यानात ठेवावा.

विधी : डोब्युटामाइन शिरेवाटे, शरीरभाराच्या प्रतिकिलो दर मिनिटास ५ मायक्रोग्रॅम या मात्रेने सुरू करून साधारणतः दर ३ मिनिटांनी १०, २०, ३० व ४० पर्यंत वाढवितात. २२० मधून वय वजा करून येणाऱ्या संख्येच्या ८५ टक्के नाडीगती गाठणे हे लक्ष्य असते. ६० वर्षांच्या रुग्णात ती १३६ होते. लक्ष्य न गाठल्यास अॅट्रोपिनची जोड देतात. प्रत्येक टप्प्यावर डाव्या जवनिकेच्या भित्तीची हालचाल पाहतात.

निष्कर्ष : निरोगी भित्ती ताणाखाली अधिक जोमाने आकुंचन पावते. रोहिणी अरुंद असल्यास तेवढ्या भागाची हालचाल मंदावते. हा बदल सामान्यतः ई.सी.जी.तील बदलाच्या व वेदनेच्या आधी दिसतो. षट्क्रियाकालाच्या भाषेत, व्यक्तीपूर्वीच व्याधी गाठता येतो. दुर्बल भित्ती अल्प मात्रेने सुधारून अधिक मात्रेने पुन्हा मंदावली, तर तेथील मांस जिवंत पण रक्तास मुकलेले आहे असे समजावे. तथापि मार्ग फारसा अरुंद न करणारा अवरोध या परीक्षेत निसटू शकतो. म्हणून निर्दोष अहवालानंतरही पथ्य व मधुमेहाची चिकित्सा चालूच ठेवावी.

निषेध : नुकताच झालेला हृदयाघात, विश्रांतीतही वाढणारा उरःशूल, महारोहिणीच्या झडपेचा तीव्र संकोच, अनियंत्रित रक्तदाब व गंभीर स्पंदनविकार. ही परीक्षा हृद्रोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आपत्कालीन साधने सज्ज असतानाच व्हावी.

वैद्यांचे कर्तव्य : पाठवणीच्या पत्रात लक्षणांचा काळ, नाडी, रक्तदाब, रक्तशर्करा व चालू असलेली सर्व औषधे, आयुर्वेदीय कल्पांसह, लिहावीत. श्वासासाठी सोमयुक्त कल्प चालू असल्यास तो अवश्य नोंदवावा. सोमातील एफेड्रिन नाडीगती वाढविते.

औषधविक्रेत्यांचे कर्तव्य : अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या परीक्षेपूर्वी थांबवावयाच्या की नाही, हे हृद्रोगतज्ज्ञच ठरवितात. त्या एकाएकी बंद केल्यास उरःशूल बळावू शकतो. ‘उद्या तपासणी आहे, गोळी घेऊ का?’ असे विचारणाऱ्या ग्राहकास स्वतः सल्ला न देता संबंधित डॉक्टरांना दूरध्वनी करावयास सांगावे.

अर्जुनाच्या कल्पांवर आपला विश्वास रास्तच आहे. परंतु निदान न करता मधुमेही रुग्णाच्या धापेवर अर्जुनारिष्ट देऊन महिनोन्महिने वाट पाहिल्यास, हृदयाचा वाचविता येण्याजोगा भाग त्याच काळात हातचा जातो. आधी निदान, मग चिकित्सा, हाच शास्त्राचा क्रम आहे.