संगणकावरील सिंहल लिपी

‘श्रीलंका’ हे नाव मराठी माणूस सहज लिहून जातो. ‘श’ला ‘र’ जोडला, दुसरी वेलांटी दिली, की ‘श्री’ हे अक्षर सिद्ध होते. सिंहल भाषेतही हे अक्षर असेच जोडून लिहितात. संगणकाच्या पडद्यावर मात्र ते पुष्कळदा ‘श्‌री’ असे, पाय मोडलेले व विलग झालेले दिसे. १९७२ साली सिलोनचे ‘श्रीलंका’ असे नामकरण झाले आणि या देशाच्या नावाचे पहिलेच अक्षर पुढे संगणकाची परीक्षा पाहणारे ठरले. हा दोष एखाद्या यंत्राचा नव्हता. लिपीतील अक्षर म्हणजे नेमके काय, या जुन्या प्रश्नाचे उत्तर संगणकासाठी नव्याने ठरवावे लागले आणि त्यावर मोठा वाद झाला.

सिंहल लिपी ही देवनागरीप्रमाणेच ब्राह्मी लिपीची वंशज आहे. तिची वळणे गोलाकार आहेत. ताडपत्रावर सरळ रेघ ओढली तर पान चिरते, म्हणून ही गोलाई आली असे मानले जाते. संगणकीय यादीत या लिपीचे १८ स्वर आणि ४१ व्यंजने आहेत. मराठीत ‘बॅट’ या शब्दात जो उच्चार होतो, तसा स्वर सिंहलमध्ये मूळचाच आहे. ऱ्हस्व आणि दीर्घ अशा दोन्ही रूपांत त्याला वर्णमालेत ‘आ’ नंतरचे मानाचे स्थान आहे. याशिवाय ‘ग’, ‘ड’, ‘द’, ‘ब’ यांच्या आधी ओझरता अनुनासिक उच्चार असलेली खास व्यंजनेही तेथे आहेत. भारतीय लिपींच्या ठरीव चौकटीत त्यांना जागा नव्हती.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते. त्याला फक्त अंक कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक संकेतांक द्यावा लागतो. आरंभीच्या काळात श्रीलंकेत, आणि भारतातही, एक सोपी युक्ती योजली गेली. इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवर सिंहल आकृती बसवलेले फॉन्ट तयार झाले. कागदावर छापलेला मजकूर उत्तम दिसे. पण संगणकाच्या दृष्टीने ती इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ होती. एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्यात उघडला की त्याचा पार चुथडा होई. शब्द शोधणे किंवा नावांची यादी वर्णानुक्रमे लावणे तर शक्यच नव्हते. मराठीत मुद्रणालयांशी ज्यांचा संबंध आला, त्यांना हा अनुभव निराळा सांगावयास नको.

या गोंधळातून मार्ग काढण्याचे काम श्रीलंकेत १९८४ साली स्थापन झालेल्या ‘सिनटेक’ या शासकीय परिषदेकडे आले. देशात संगणक-शिक्षणाचा पाया घालणारे प्रा. व्ही. के. समरनायके हे या कार्यातील अग्रणी होते. १९९६ साली ‘एस. एल. एस. ११३४’ हे राष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास जगातील सर्व लिपींना एकाच यादीत आणणाऱ्या युनिकोडमध्ये सिंहलचा समावेश होऊ घातला होता. सिंहल अक्षरे भारतीय लिपींच्या साच्यात बसवावीत, असा प्रस्ताव परदेशी तज्ज्ञांकडून आला होता. १९९७ साली ग्रीसमधील क्रीट बेटावरील बैठकीत श्रीलंकेच्या प्रतिनिधींनी आपल्या वर्णमालेच्या क्रमाचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. अक्षरांची नावेही सिंहल परंपरेतीलच राहिली. ‘क’ ला तेथे ‘अल्पप्राण कयन्न’ म्हणतात आणि ‘ख’ ला ‘महाप्राण कयन्न’. १९९९ साली युनिकोडच्या तिसऱ्या आवृत्तीत सिंहलसाठी ८० संकेतांक आले.

खरा वाद येथूनच पेटला. अवघ्या ८० चिन्हांत संपूर्ण लिपी कशी मावणार? ४१ व्यंजने आणि १७ स्वरचिन्हे यांचा नुसता गुणाकारच ६९७ होतो, जोडाक्षरे वेगळीच. तेव्हा पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक आकृतीला स्वतंत्र संकेतांक द्यावा, अन्यथा प्रमाण अपूर्णच आहे, असे एका पक्षाचे म्हणणे होते. या आक्षेपाला आधारही होता. कोरियन लिपीतील ११,१७२ अक्षरगटांना युनिकोडने स्वतंत्र जागा दिल्या होत्या. तमिळ भाषकांतही हीच मागणी जोरात होती आणि २०१० साली तमिळनाडू शासनाने युनिकोडबरोबर तशी एक पर्यायी पद्धती मान्य केली.

दुसऱ्या पक्षाचे उत्तर असे, की संकेतांक आकृतीला नव्हे, वर्णाला द्यावयाचा असतो. मराठीतील उकाराचेच पाहा. ‘कु’ मध्ये तो पायाशी असतो, तर ‘रु’ मध्ये पोटात शिरतो. पण म्हणून उकार दोन आहेत असे कोणी म्हणत नाही. सिंहलमध्येही ‘कु’ आणि ‘पु’ यांतील उकारांची रूपे भिन्न आहेत. कोठे कोणते रूप दाखवावे हे फॉन्टने पाहावे. साठवणीत उकार एकच असावा. ही भूमिका अधिक शास्त्रशुद्ध होती, यात शंका नाही. तथापि त्या काळातील संगणकांना ही कामगिरी जमत नव्हती. समोरच्या पडद्यावर मोडकी अक्षरे पाहणाऱ्या माणसाला शास्त्राचे समाधान पुरणार कसे?

टंकलेखनाचा प्रश्नही सोपा नव्हता. सिंहल टंकलेखन यंत्रासाठी ‘विजेसेकर’ नावाचा कळफलक रूढ होता. त्यावर अक्षराच्या डावीकडे येणारे ‘कोंबुव’ हे ए-काराचे चिन्ह अक्षराच्या आधीच टंकित करीत, जशी मराठी यंत्रावर पहिली वेलांटी आधी उमटवावी लागे. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराप्रमाणे आधी व्यंजन व मग स्वर साठवला जातो. अनुभवी टंकलेखकांची बोटे बदलण्यापेक्षा ही उलटापालट संगणकाने आतल्या आत करावी, असे ठरले. हा निर्णय शहाणपणाचा होता.

आता ‘श्री’ कडे वळू या. देवनागरीत व्यंजनाचा पाय मोडून पुढे दुसरे व्यंजन दिले की जोडाक्षर आपोआप बनते. आधुनिक सिंहलमध्ये बहुतेक ठिकाणी पाय मोडल्याची खूण, म्हणजे ‘अल्-लकुण’, स्पष्ट दिसते. जोडरूपे मुख्यतः ‘र’ आणि ‘य’ यांचीच होतात. जुन्या पाली व संस्कृत ग्रंथांच्या लेखनात मात्र इतर अक्षरेही जोडलेली असतात. दोन्ही रीतींना वाव राहावा म्हणून असे ठरले, की जोडरूप हवे असेल तेथे अल्-लकुणानंतर एक अदृश्य सांधा टंकित करावा. या सांध्याला रुंदी नाही, आकार नाही; त्याचे काम फक्त जोडण्याचे. मराठीला अशा भेदाची निकड परकी नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट प्रदेश. दोहोंत तेच वर्ण, पण जोडणी निराळी. संगणकाला ती वेगळी सांगावीच लागते.

अदृश्य वस्तूची एक अडचण असते: ती हरवली तरी कळत नाही. काही प्रणाली या सांध्याला कचरा समजून गाळून टाकीत आणि ‘श्री’ पुन्हा विलग होई. ‘चंद्रिका’, ‘प्रिया’ यांसारखी नावेही त्यातून सुटत नसत. २००४ साली राष्ट्रीय प्रमाण सुधारण्यात आले. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर ‘इस्कोल पोत’ नावाचा सिंहल फॉन्ट घरोघरीच्या संगणकांवर आला. या नावाचा अर्थ ‘शाळेचे पुस्तक’. ‘इस्कोल’ हा पोर्तुगीज शब्द गोव्यातही रुळलेला आहे आणि ‘पोत’ हे तर आपल्या ‘पोथी’चेच भावंड.

संकेतस्थळांच्या नावांसाठी २००३ साली जे नियम झाले, त्यांत हा सांधा गाळला जाई. पुढे काही अटींवर त्याला मुभा मिळाली. परंतु पत्त्याच्या अखेरीस येणाऱ्या सर्वोच्च नावात तो आजही चालत नाही. २०१० साली श्रीलंकेला सिंहल लिपीतील असे नाव मिळाले, ते ‘लंका’ एवढेच आहे.

यादीही अद्याप वाढतेच आहे. जन्मपत्रिकांत वापरले जाणारे ‘लिथ’ नावाचे दहा जुने अंक २०१४ साली तीत आले आणि २०२० साली चंद्रबिंदू. ८० चे आता ९१ झाले आहेत.