घशाचे दुखणे आणि मुलांचे बिघडलेले वागणे

एरवी शांत व नीटनेटकी म्हणून ओळखली जाणारी नऊ-दहा वर्षांची एखादी विद्यार्थिनी दोन-तीन आठवड्यांत बदलू लागते. तिचे अक्षर बिघडते, ओळ सोडून पेन्सिल भलतीकडे जाते. हातातला पेला सुटून पडतो. तिला एका जागी स्वस्थ बसवत नाही. मध्येच खांदा उडतो, तोंड वेडेवाकडे होते. कारण नसताना रडू कोसळते आणि लगेच हसूही येते. शाळेत हा खोडसाळपणा ठरतो, घरी धसमुसळेपणा ठरतो, आणि शेजारीपाजारी बाहेरची बाधा सुचवितात. शिक्षा, धाक आणि अंगारा हे तिन्ही उपाय होऊन जातात, तरी वागणे सुधारत नाही. याचे मूळ मुलीच्या स्वभावात नसून काही महिन्यांपूर्वी येऊन गेलेल्या घशाच्या दुखण्यात असू शकते, ही शंका सहसा कोणालाच येत नाही.

या विकाराला सिडनहॅमचा कोरिया म्हणतात. मराठीत त्यासाठी बालकंपवात हा शब्द योजिला गेला आहे; तो थोडा फसवा आहे, कारण यात हाताला एकसारखी थरथर नसते. हालचाली अचानक, अनियमित आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध होतात. मूल अस्वस्थ झाले की त्या वाढतात आणि झोपेत बहुधा थांबतात. पाच ते पंधरा वर्षे हे या विकाराचे वय, आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये तो अधिक आढळतो. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने १६८६ साली त्याचे वर्णन केले. हात धरून ठेवावयास सांगितला असता मुलाची पकड क्षणात घट्ट, क्षणात सैल होते. गाईची धार काढताना बोटे जशी आवळतात व सुटतात, तशी ती भासते. म्हणून डॉक्टरांच्या परिभाषेत या लक्षणाला गवळणीची पकड असेच नाव पडले आहे.

घशापासून मेंदूपर्यंत

स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या एका गटातील जंतूंमुळे मुलांचा घसा सुजतो. शरीर त्यांच्याशी लढण्यासाठी रक्तात प्रतिपिंडे तयार करते. या जंतूंच्या आवरणातील काही घटक आपल्याच शरीरातील पेशींशी मिळतेजुळते असतात. त्यामुळे काही मुलांत ही प्रतिपिंडे जंतूंबरोबर स्वतःच्या शरीरावरही उलटतात. सांध्यांवर उलटली म्हणजे सांधे सुजतात, हृदयावर उलटली म्हणजे झडपांना इजा होते, आणि मेंदूच्या आत खोलवर असलेल्या, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या पेशीपुंजांवर उलटली म्हणजे कोरिया होतो. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कोरिया झालेल्या अनेक मुलांच्या रक्तातील प्रतिपिंडे नेमक्या याच पुंजांतील पेशींना चिकटतात, असे दिसून आले. सांधे, हृदय व मेंदू यांच्या या एकत्रित विकाराला संधिज्वर किंवा ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात.

मेंदूचे हे पुंज केवळ हातापायांवरच नव्हे, तर भावनांवर आणि विचारांच्या ओघावरही लगाम ठेवतात. म्हणूनच चिडचिड, रडवेपणा, अभ्यासातील दुर्लक्ष ही लक्षणे हालचाली सुरू होण्याच्या काही दिवस वा आठवडे आधीच दिसू शकतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. सुझन स्वीडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवून दिले की, कोरिया झालेल्या मुलांत पुन्हा पुन्हा हात धुणे, तीच गोष्ट तपासून पाहणे अशी लक्षणे बरीच आढळतात.

पुढे १९९८ साली याच संशोधकांनी ५० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. या मुलांना कोरिया नव्हता. परंतु स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गानंतर त्यांच्यात अशी लक्षणे, किंवा डोळे मिचकावणे, मान झटकणे यांसारख्या सवयी एकाएकी उद्भवल्या वा बळावल्या होत्या. पँडास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकाराविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. शाळकरी मुलांचा घसा वारंवार दुखतोच; तेव्हा दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीने दुसरी घडविली असे म्हणता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. मूल चंचल आहे किंवा त्याला एखादी विचित्र सवय आहे एवढ्यावरून त्याला महिनोन्महिने प्रतिजैविके देणे योग्य नव्हे. कोरियाचे मात्र तसे नाही. त्याचा संसर्गाशी असलेला संबंध निर्विवाद आहे.

खरा धोका हृदयाला

कोरिया बहुधा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतो. मूल पुन्हा नीट लिहू लागते आणि घरचे लोक निश्चिंत होतात. धोका येथेच आहे. कोरिया झालेल्या बऱ्याच मुलांच्या हृदयाच्या झडपांनाही सूज आलेली असते आणि तिचा त्यांना काहीच त्रास जाणवत नाही. त्यातच घसा दुखल्यापासून कोरिया दिसेपर्यंत एक ते सहा महिने, क्वचित त्याहूनही अधिक काळ लोटलेला असल्याने रक्ततपासणीत संसर्गाची खूण सापडेलच असे नाही. स्टेथॉस्कोपने काही ऐकू आले नाही तरी इकोकार्डिओग्राफी करून घ्यावी लागते, ती यासाठीच.

एकदा संधिज्वर झालेल्या मुलाला पुन्हा तसाच संसर्ग झाला, तर झडपांवर पुन्हा आघात होतो. प्रत्येक आघाताने झडप अधिक निकामी होत जाते आणि ऐन तारुण्यात धाप लागणे, पाय सुजणे व अखेरीस शस्त्रक्रिया अशी वेळ येते. हे टाळण्याचा उपाय साधा आहे. बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन ते चार आठवड्यांनी घ्यावयाचे. हृदय निर्दोष असले तरी ते किमान पाच वर्षे चालू ठेवतात. झडपांना इजा असल्यास दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक. औषध स्वस्त आहे, पण सुई दुखते आणि मूल तर ठणठणीत दिसते. मग एक खेप चुकते, पुढे दुसरीही चुकते. ऊसतोडणीसाठी दिवाळीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या कुटुंबांतील मुलांची ही साखळी तुटण्याची भीती विशेष असते. अशा मुलाचे उपचारपत्र कुटुंबाबरोबर गेले आणि कारखान्याच्या परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्राला आगाऊ निरोप मिळाला, तर खंड पडत नाही. ग्रामपंचायतीच्या सदस्यांना आशा स्वयंसेविकेच्या साहाय्याने हे सहज जमण्यासारखे आहे.

शाळेत काय करता येईल

निदान करणे हे शिक्षकांचे काम नव्हे. परंतु मुलाचे अक्षर रोज पाहणारे दुसरे कोणी नसते. ज्या आठवड्यापासून अक्षर बिघडले त्याच्या आधीची व नंतरची वही मुलासोबत दवाखान्यात पाठविली, तर डॉक्टरांना लांबलचक हकिगतीपेक्षा तिचा अधिक उपयोग होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. या कार्यक्रमात शाळांची तपासणी करणाऱ्या पथकांच्या यादीत संधिज्वरजन्य हृदयविकाराचा समावेश आहे. तथापि पथक वर्षातून एकदा येते, आणि कोरिया तोपर्यंत थांबत नाही. संशय येताच मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तेथून जिल्हा रुग्णालयात पाठवावे. ताप, झटके, गुंगी किंवा बेशुद्धी असल्यास तो मेंदूज्वर असू शकतो; तेथे तासाचाही विलंब नको.

घसा दुखणाऱ्या बहुतेक मुलांना विषाणूंचा संसर्ग असतो आणि तो आपोआप बरा होतो. ताप आहे, घशातील गाठी लाल होऊन त्यांवर पू दिसतो, गळ्याशी अवधाण आले आहे आणि खोकला किंवा वाहते नाक मात्र नाही, अशा मुलाला डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तर संधिज्वर टळू शकतो. गोळ्या दहा दिवसांच्या असतात. तिसऱ्या दिवशी घसा मोकळा झाला म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून देण्याची रीत घातक आहे.

आजारी मुलाला शाळेतून काढून घरी बसवू नये. त्याला तोंडी उत्तरे देऊ द्यावीत, लेखनासाठी जादा वेळ द्यावा आणि हे दुखणे आहे, सोंग नव्हे, हे वर्गाला समजावून सांगावे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट अधिक ध्यानात ठेवावी लागते. लहानपणी कोरिया झालेल्या स्त्रीला गरोदरपणी किंवा काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे तो पुन्हा होऊ शकतो, आणि झडपा अधू असल्यास बाळंतपणाचा भार तिच्या हृदयाला पेलत नाही. म्हणून तिचे उपचारपत्र लग्नानंतर सासरी तिच्याबरोबर जावे, आणि गरोदरपणाची पहिली नोंद करताना ते परिचारिकेस दाखविले जावे.