घरातला ओपन सोर्स

ओपन सोर्स म्हटलं की आपल्याला लिनक्स आठवतं. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेल्या या कामात जगभरातून सुधारणा येतात, जाणकार त्या तपासतात आणि योग्य वाटल्या तर घेतात. हीच पद्धत मोठ्या संस्थेने आपल्या घरात, खात्याखात्यांमध्ये वापरली की तिला ‘इनर सोर्स’ म्हणतात. हा शब्द टिम ओ’रायली यांनी २००० साली वापरला.

याची गरज काय? आपल्याजवळचंच पाहा. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यात दासगाव, जुई इथे दरडी कोसळल्या, माणसं गाडली गेली. पाऊस, नदी, रस्ते ही वेगवेगळ्या खात्यांची कामं. आता समजा, दरडीचा इशारा देणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये दासगावची एक वाडी भलत्याच गावाखाली नोंदली गेली. चूक स्थानिक कर्मचाऱ्याला दिसते, पण कोड दुसऱ्या खात्याकडे. तो पत्र लिहितो, फाईल फिरते, तोवर पावसाळा संपतो!

इनर सोर्सचे नियम साधे आहेत :

१) कोड सगळ्या खात्यांना वाचता यावा.
२) ज्याला चूक दिसेल त्याने दुरुस्ती करून पाठवावी.
३) मूळ खात्यातल्या ठरलेल्या माणसाने ती तपासून घ्यावी, घेतली नाही तर कारण लिहून कळवावं.

पहिला नियम सोपा. केंद्र सरकारने २०१५ साली सरकारी अ‍ॅप्लिकेशन्सचा कोड खुला करण्याचं धोरण आणलं. ‘आरोग्य सेतू’च्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोडही मे २०२० मध्ये खुला झाला. खरी कसोटी तिसऱ्या नियमाची. पाठवलेल्या दुरुस्तीला उत्तरच आलं नाही, तर तोच माणूस पुन्हा कशाला पाठवेल? म्हणून तपासणीचा वेळ नेमून दिलेल्या कामातच धरायला हवा, उरल्यासुरल्या वेळात ती होत नाही.

सराव आपल्याला इथेच करता येईल. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पात विद्यार्थी पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये उतरवतात आणि ती तपासली जातात. आपण मेसच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमपासून सुरुवात करू. एका सीनियरने लिहायचा आणि तो पास होऊन गेला की बंद पडायचा, असं किती दिवस चालणार? कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवू, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षातले दोन तपासनीस नेमू, आणि आठवड्याच्या आत उत्तर द्यायचंच असं ठरवू. पुढे नोकरीत खुर्ची मिळेल तेव्हा ही सवय कुणाच्या तरी गावाला उपयोगी पडेल.