मुरूम आणि औषधाची नळी

‘मुरूम’ या शब्दाचा अर्थ सांगा, असा प्रश्न आम्ही एकदा वर्गात विचारला असता निम्म्या मुलांनी ‘रस्त्यावर अंथरतात तो’ असे उत्तर दिले व उरलेल्यांनी हसत हसत गालाकडे बोट नेले. दोन्ही उत्तरे बरोबर होती. भरवेलीसारख्या खाणीच्या गावी पहिला अर्थ मुलांच्या पायांखाली असतो. दुसरा अर्थ आठवी-नववीच्या सुमारास त्यांच्या तोंडावर उमटू लागतो. आमच्या घरी कोंकणीत त्याला ‘पुळी’ म्हणत. मराठीत तारुण्यपीटिका असेही एक भारदस्त नाव आहे. परंतु ज्याच्या नाकाच्या शेंड्यावर ती आली आहे त्याला त्या नावाने समाधान लाभल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

हा विकार काही आजच्या खाण्यापिण्यातून निर्माण झालेला नाही. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणी ‘मुखदूषिका’ या नावाने त्याचे वर्णन आले आहे, व तरुणांच्या मुखावरील या पुटकुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. बालाघाटच्या रानात काटेसावर (आपल्याकडील हिंदी भाषक तिला सेमल म्हणतात) ज्यांनी जवळून पाहिली असेल, त्यांना ही उपमा किती अचूक आहे ते सांगावयास नको. रुंद बुडाचा व टोकदार असा तो काटा पाहावा, आणि मग आरशात पाहावे.

प्रस्तुत विषयावर लिहिण्याचा अधिकार वस्तुतः आम्हांस नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वर्गात व्याकरण आणि इतिहास शिकवितो. तथापि गेल्या दोन वर्षांत एका विद्यार्थ्याच्या निमित्ताने या विषयाचा जो अभ्यास आम्हांस करावा लागला, तो स्वतःपुरता ठेवणे योग्य वाटत नाही.

वर्गाचे वार्षिक छायाचित्र घेण्याचा तो दिवस होता. एक मुलगा शेवटच्या रांगेत, तोंडाला रुमाल लावून उभा राहिला. छायाचित्रकाराने दोनदा सांगूनही त्याने रुमाल काढला नाही, आणि तिसऱ्यांदा सांगताच तो रांगेतून निघून गेला. पुढे आठ दिवस तो शाळेत आला नाही. त्यापूर्वी काही महिने आम्हीच त्याला भर वर्गात म्हटले होते, “अरे, तोंड जरा नीट धूत जा.” त्या वेळी ते वाक्य आम्हांस साधे वाटले होते. ते चुकीचेही होते, हे पुढे कळले.

चुकीचे कसे ते प्रथम सांगतो. आपल्या त्वचेत केसांच्या मुळाशी सूक्ष्म तैलग्रंथी असतात. वयात येताना शरीरात जे स्राव वाढतात, त्यांच्यामुळे या ग्रंथी अधिक तेल पाझरू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या आतील मृत पेशी एकमेकींस चिकटून तोंडाशी बूच बसते. बूच बंद राहिले तर पांढरा कण दिसतो, उघडे राहिले तर टोक काळे पडते. तो काळेपणा त्वचेतील रंगद्रव्याचा आणि हवेने बदललेल्या तेलाचा असतो. तो मळ नव्हे. खाणीतील काळ्या धुळीचा तर नव्हेच, जरी आपल्याकडील आज्या अजून तसेच समजतात. (यंत्रांच्या वंगणाने कामगारांच्या हातांवर पुटकुळ्या येऊ शकतात, पण ती बाब निराळी.) म्हणून दिवसातून दहा वेळा साबणाने तोंड घासल्याने मुरूम जात नाहीत, उलट त्वचा कोरडी पडून चिडते. सौम्य साबणाने दोन वेळा धुणे पुरेसे आहे.

आता या बंद छिद्रात एक जिवाणू सुखाने वाढू लागतो. त्याचे नाव क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस. तो कोणाकडून लागलेला नसतो. तुमच्या, आमच्या, सर्वांच्याच त्वचेवर त्याची वसती आहे. तेलाने भरलेल्या बंद जागेत त्याची संख्या वाढते, शरीर त्याच्याशी झुंजू लागते, आणि मग ती जागा लाल होते, सुजते, पू धरते. अशा रीतीने एका मुरुमामागे चार गोष्टी असतात: तेल, बूच, जिवाणू आणि दाह. ही चौकट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सर्व घोटाळा ती विसरल्याने होतो.

आमच्या त्या विद्यार्थ्यास त्याच्या आईने गोंदियास त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेले होते. त्यांनी दोन नळ्या लिहून दिल्या. एक क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाचे जेल. (हा शब्द ऐकून त्याच्या धाकट्या बहिणीने “दादाला जेल झाली” असे शेजारी सांगितले होते म्हणे.) दुसरी बेंझॉइल पेरॉक्साइडची. दोन्ही सुमारे तीन महिने लावावयाच्या होत्या. मुलाने दहा दिवस लावल्या. बेंझॉइल पेरॉक्साइडने तोंड किंचित चुणचुणले आणि उशीच्या निळ्या अभ्र्यावर पांढरे डाग पडले, म्हणून ती त्याने सोडून दिली. एकटे जेल लावल्यावर मुरूम थोडे बसले, तेव्हा तेही सोडले. महिन्याने मुरूम परत आले की पुन्हा चार दिवस जेल. असे तीन-चार वेळा झाले. अखेर जेलचा गुण येईनासा झाला.

असे का व्हावे? क्लिंडामायसिन हे जिवाणूच्या शरीरात प्रथिने घडविण्याचे जे काम चालते ते बंद पाडते, आणि दाहही काहीसा शमविते. परंतु कोट्यवधी जिवाणूंत थोडे असे असतात, किंवा नव्याने निपजतात, की ज्यांच्यावर त्याची मात्रा चालत नाही. औषध एकटे वापरले, वरचेवर धरले-सोडले आणि लांबवले, तर दुबळे मरतात व हे निगरगट्ट तेवढे उरून वाढतात. मुरुमांच्या जिवाणूंत अशी प्रतिकारशक्ती आल्याचे अहवाल १९७९ पासून मिळत आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइडची रीत वेगळी. ते प्राणवायूच्या तीव्र क्रियेने जिवाणूस सरळ जाळते, आणि त्याविरुद्ध प्रतिकार निर्माण होत असल्याचे आढळलेले नाही. म्हणून ही जोडी लावून देतात: एकाच्या तडाख्यातून जे सुटतील ते दुसऱ्याच्या हाती सापडावेत. मुलाने जोडीतील राखणदारच घरी पाठविला होता.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण या औषधांचे कुळ जाणण्यासारखे आहे. क्लिंडामायसिन हे लिंकोमायसिन या प्रतिजैविकात रासायनिक फेरफार करून सिद्ध केले गेले, आणि लिंकोमायसिन देणारा सूक्ष्मजीव अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातील लिंकन गावच्या मातीत सापडला होता. गावाचे नाव औषधास मिळाले. मुरुमांवर लावण्यात येणारे दुसरे प्रतिजैविक एरिथ्रोमायसिन. त्याचे मूळ फिलिपाईन्समधील इलोइलो प्रांताच्या मातीत. महाराष्ट्रातही असे घडले आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यातील संशोधकांनी एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन शोधून काढले, व त्या सूक्ष्मजीवास पिंपरीवरून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव दिले. हॅमायसिन बुरशीवरचे औषध आहे, मुरुमांवरचे नव्हे. परंतु मातीतून मँगनीज काढणाऱ्या गावातील मुलांना, मातीतून औषधही निघते हे ठाऊक असावे.

असो. जेलचा गुण येईना, तेव्हा तो मुलगा स्वतःच एका दुकानात गेला. दुकानाचे नाव वा गाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अशी दुकाने सर्वत्र आहेत. तेथे त्याला “याहून भारी” अशी एक ट्यूब मिळाली. चौथ्या दिवशी चेहरा गुळगुळीत, आणि वर रंगही उजळला! घरात आनंदीआनंद झाला. आईने तीच ट्यूब थोरल्या मुलीसही दिली. दोन महिन्यांनी लावणे थांबवताच दोघांच्याही चेहऱ्याची आग होऊ लागली, उन्हात उभे राहवेना, आणि मुलाच्या गालांवर पूर्वीच्या तिप्पट मुरूम उसळले. छायाचित्राचा दिवस तो त्यानंतरचा.

त्या नळीत प्रतिजैविकाबरोबर, बुरशीनाशकाबरोबर एक प्रबळ स्टिरॉइड मिसळलेले होते. स्टिरॉइड वाईट औषध आहे असे नव्हे. इसबासारख्या विकारांत डॉक्टर ते मोजून-मापून देतात. परंतु ते दाह तेवढा दडपते, तेल व बूच जागच्या जागी राहतात. चेहऱ्यावर दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या उमटतात, लव वाढते आणि स्वतः स्टिरॉइडच मुरूम आणते. हा प्रकार किती पसरला आहे याची पाहणी देशातील १२ त्वचारोग केंद्रांत झाली व ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे लावीत होते. त्यांतील १०४ जणांनी ती मुरुमांसाठी लावली होती, आणि २५७ जणांना ती डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचविली होती. बाहेरून लावण्याच्या औषधांना चिठ्ठीच्या नियमातून पुष्कळ वर्षे सूट होती. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अनेक स्टिरॉइड मलमांची ती सूट काढून टाकली. नियम झाला, पण तो पाळण्याचे काम दुकानातील काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या माणसांकडे राहते, आणि त्यांतील एक बाजू आपली आहे.

“माझ्याच तोंडाला मी काय लावतो याच्याशी इतरांना काय?” असा प्रश्न एका चुणचुणीत मुलीने विचारला. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, प्रतिकार शिकलेले जिवाणू एका चेहऱ्यावर थांबत नाहीत. घरातील इतरांच्या त्वचेवरही ते आढळतात. शिवाय आपल्या त्वचेवर राहणारे दुसरे, अधिक धोक्याचे जिवाणूही त्याच औषधास सरावतात. क्लिंडामायसिन हे केवळ मुरुमांचे औषध नव्हे. हाडांत पू झाला, त्वचेत खोल संसर्ग झाला, तर डॉक्टर तेच गोळीच्या वा सुईच्या रूपाने देतात. पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच, अपुऱ्या मात्रेने जिवाणूंना औषधाची सवय लागेल, असा इशारा देऊन ठेवला होता. २०१६ पासून शासन प्रतिजैविकांच्या वेष्टनावरील उभ्या तांबड्या रेघेकडे लोकांचे लक्ष वेधीत आहे, तेही याचसाठी. घरी जाऊन औषधांच्या डब्यातील वेष्टने एकदा पाहावीत.

डॉक्टरांकडे दुसऱ्या खेपेस आम्हीही त्या मुलाबरोबर गेलो. त्यांनी जे सांगितले त्यातील सर्वांच्या उपयोगाचे तेवढे येथे देतो. जेल हे उठलेल्या मुरुमावर टिकली लावावी तसे लावू नये. जेथे मुरूम येतात त्या सर्व भागावर, तोंड धुऊन कोरडे झाल्यावर, पातळ थर द्यावा. डोळे, ओठ व नाकपुड्या यांना वाचवावे. फरक दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण गुण येण्यास बारा. कारण बूच हळूहळू सुटते. त्यानंतर बहुधा प्रतिजैविक थांबवून बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापलीनसारखे बूच सोडविणारे औषध पुढे चालू ठेवतात. प्रतिजैविक हा उपचारातील पाहुणा आहे, घरचा माणूस नव्हे. क्वचित या जेलने वारंवार पातळ जुलाब होतात. तसे झाल्यास लावणे थांबवून ताबडतोब डॉक्टरांस कळवावे. मुलींच्या बाबतीत पाळी अनियमित असून चेहऱ्यावर केसही वाढत असतील, तर ते संकोच न करता सांगावे. ॲडापलीनच्या जातीची औषधे गर्भवती स्त्रियांनी लावावयाची नसतात, म्हणून मुलीची नळी घरातील वहिनीने उचलून वापरू नये. एकाची चिठ्ठी दुसऱ्यास चालत नाही, हे तर थोरल्या बहिणीने स्वतःच्या गालांवर अनुभवले.

टूथपेस्ट, लिंबाचा रस, खाण्याचा सोडा इत्यादी प्रयोगांविषयी डॉक्टर फार बोलले नाहीत. फक्त हसले.

मुरूम गेल्यावर मागे राहणारे तपकिरी डाग हे आपल्या सावळ्या वर्णात ठळक दिसतात, आणि माणूस ‘भारी’ ट्यूबच्या नादी लागतो तो बहुतेक याच टप्प्यावर. हे डाग काही महिन्यांत आपोआप फिके होतात. खळगे मात्र निराळे. नखाने फोडलेल्या किंवा खोलवर पिकलेल्या मुरुमाने त्वचेचा खालचा थर दुखावला जातो, आणि तेथे खळगा राहतो.

स्टिरॉइड सुटल्यानंतरचे पहिले दोन महिने त्या मुलास फार जड गेले. चेहरा सुधारण्याऐवजी आधी बिघडतो, हे डॉक्टरांनी पूर्वीच सांगितले होते. म्हणूनच तो टिकला. आम्ही दर सोमवारी त्याला केवळ “कितवा आठवडा?” एवढेच विचारीत असू. तो आकडा सांगे व निघून जाई. अकराव्या आठवड्यास त्याने आकडा न सांगता नुसती मान डोलाविली.

यंदाच्या छायाचित्रात तो दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथा उभा आहे. डाव्या गालावर दोन खळगे आहेत. ते कोणत्याही जेलने जाणार नाहीत, हे त्याला ठाऊक आहे; आम्ही भर वर्गात म्हटलेले वाक्यही त्याच्या लक्षात आहे, असे त्याने परवाच आम्हांस हसून सांगितले.